शिडावरचं ठिगळ

गुरुजी, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मीही आता आजी झाले, तरी पासष्टच्या लढाईतल्या त्या दुपारची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली. डहाणूच्या आपल्या शाळेत तुम्ही आठवडाभर माहितीपटांचा महोत्सव भरवला होतात. लढाई चालू असताना कसले सिनेमे, अशी गावात कुरकुर झाली. तुमचं म्हणणं, ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद चिकटवलेच आहेत, भरदुपारी आयता अंधार मिळतोय, तर आपला देश कसा आहे ते लोकांना बघू तरी देत. ताकीद एकच होती. सिनेमा चालू असताना दार उघडायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आपलाच किनारा आला. खाडीतून होडी येतेय आणि तिच्या शिडावर गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं ठिगळ आहे. ते आईने घातलेलं. उरलेल्या तुकड्याची उशी मी रोज डोक्याखाली घेत होते. माझे वडील होडीवरून पडून बुडाले तेव्हा मी दोन वर्षांची, होडी तेवढी परत आली. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. सुकाणू धरलेला माणूस हसला आणि मी दार उघडून धावत सुटले. मागे पडदा पांढराफटक पडला, पोरं ओरडली. उघडीप मिळाली म्हणून आई शाळेमागे बोंबील वाळत घालत होती. तिला ओढत आणलं तोवर पडद्यावर कुठल्याशा धरणाचं काम सुरू झालं होतं. तुम्ही माझा कान धरलात. "एकच गोष्ट सांगितली होती, तीही ऐकली नाहीस?" मी रडत म्हटलं, "बाबा होते." तुम्ही कान सोडलात.

सिनेमे घेऊन आलेल्या सरकारी प्रचाराच्या गाडीवरचा ऑपरेटर रीळ पुन्हा लावायला तयार होईना. त्याला चारच्या आत तलासरीला पोचायचं होतं. कुणापुढे न वाकणारे तुम्ही, त्याला चक्क हात जोडलेत. होडी पुन्हा आली. आई दाराशी उभी, ओले हात पदराला पुसत. तुम्ही हळूच विचारलंत, "बाय, तेच ना?"

"व्हय गुरुजी, तेच."

तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. पुढे दर वर्षी नव्या वर्गाला तुम्ही ही हकीकत सांगायचात.

घरी जाताना आई म्हणाली, "होडी आपलीच. मानूस तो न्हाय. बाप गेल्यावर होडी इकली ना, तो घेनारा."

"मग हो का म्हणालीस?"

"त्यांनी हात जोडले, पोरी. मी काय न्हाय म्हनू?"

मला आईचा भयंकर राग आला होता. तरी मी गप्प राहिले, तुमचं मन मोडू नये म्हणून, असं आजवर स्वतःला सांगत आले. हे पत्र आता ट्रंकेत ठेवून देणार आहे, तर खरं तेच लिहिते. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही ती हकीकत सांगणं बंद केलं असतंत. वरच्या वर्गात गेल्यावरही दर वर्षी मी भिंतीला कान लावून ती ऐकत होते. तुम्ही "तिचे बाबा हसले" म्हणायचात, तेवढ्यासाठी.