फादीच्या घरची भेट

शुक्रवार, ११ नोव्हेंबर. दुपारी १.
माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी सव्वाअकरा वाजता, चर्चच्या अंगणातल्या नळापाशी. शाळकरी मुलांच्या फुटबॉलला कोच नव्हता म्हणून मी झालो होतो. फादी नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने मोकळा गोल बाहेर घालवला. मी त्याला सगळ्यांसमोर शिस्त लावली. जरा मोठ्याने. आवाज ऐकून आमचे फादर, अबूना ताद्रोस, बाहेर आले. फादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘अबानूब, हा घसा देवाच्या कामाला लाव. मुलांचे वर्ग घेणाऱ्या सेवकांच्या ट्रेनिंगला ये.’
म्हणजे लीडरशिप. माणसं ओळखावीत तर अबूनांनी.
ट्रेनिंगला फेरोनियाही आहे. याचा माझ्या निर्णयाशी संबंध नाही.

रविवार, १३ नोव्हेंबर.
पहिला वर्ग. मार्सेलताई शिकवतात. म्हणाल्या, लीडर म्हणजे सगळ्यांत शेवटी जेवणारा. मी वहीत ‘लीडर म्हणजे’ एवढं लिहिलं आणि पुढे फेरोनियाची वेणी काढली. चांगली जमली.
संकल्प: पहाटे पाचला उठणं. रागावर ताबा. फेरोनियाकडे तासाला दोनदाच बघणं.

सोमवार, १४ नोव्हेंबर.
साडेनऊला उठलो. टुकटुकवाल्याशी भांडण. सुरुवात त्याची.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर.
आमच्याकडे रीत अशी की, मुलांच्या शुक्रवारच्या वर्गाला जो येत नाही त्याच्या घरी सेवकाने जायचं. बसायचं, चहा प्यायचा, पोर का आलं नाही ते विचारायचं आणि भेटीच्या रजिस्टरमध्ये लिहायचं. मार्सेलताईंनी नावं वाटली. माझ्या वाट्याला फादी.
फादी म्हणजे फेरोनियाचा धाकटा भाऊ. त्या घरात मला पाहुणा म्हणून जायला मिळणार! दोन मिनिटं हवेत होतो. मग आठवलं, त्या घरात शनूदा सरही राहतात. तिचे वडील. मला तीन वर्षं गणित शिकवलं. ते आधी नाव विचारत नाहीत. आधी विचारतात, ‘कितव्या वर्षाला?’
कॉमर्स दुसऱ्या वर्षात सोडलं, हे अख्ख्या मिन्या शहरात फक्त मला आणि आईला माहीत आहे. सरांना कळलं की फेरोनियाला कळणार. मग मला मठात जाऊन राहण्यावाचून गत्यंतर नाही. आणि मठातही विचारतातच म्हणे, शिक्षण किती.

मंगळवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.
गेलो होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत. आतून सरांचा खोकला ऐकू आला. हाच खोकला परीक्षेच्या हॉलमध्ये पेपरच्या आधी यायचा. बेलवर बोट ठेवलं. दाबलं नाही. पायरीवर एक मांजर बसलं होतं, ते सगळं बघत होतं.
खाली आलो. भीतीने नव्हे. असं एकट्याने कुणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर.
आजपासून नाताळचा उपास. आमचा नाताळ सात जानेवारीला; तोवर त्रेचाळीस दिवस दूध, तूप, मांस, अंडं बंद. लीडरला भूक लागत नाही.
अबूनांनी जाहीर केलं, पुढच्या शुक्रवारी मुलांच्या गटाचा प्रमुख ठरणार. मठाच्या ट्रिपला बसमध्ये पुढची सीट त्याची, शिट्टी त्याची. ज्याचं भेटीचं पान कोरं, त्याचं नाव बाद.
फादी आजही आला नाही. चर्चच्या जिन्यात फेरोनियाने अडवलं. ‘काय रे, येणार होतास ना आमच्याकडे? बेल वाजली की फादी आतल्या खोलीत पळतो.’ मी म्हणालो, बघतो, फार बिझी आहे. पण मनात गलबलून आलं. पोरगं माझी इतकी वाट बघतंय! लाजाळू आहे, म्हणून पळतं.

गुरुवार, १ डिसेंबर. संध्याकाळी साडेपाच.
दुपारी परत गेलो. या खेपेला पहिल्या मजल्यापर्यंतच. पाय पुढे उचलेना.
रजिस्टर उद्या द्यायचंय. सकाळपासून पोटात फक्त मसूर. शेवटी लिहून टाकलं. खोटं म्हणता येणार नाही. भेट झाली असती तर अशीच झाली असती. तारीख गेल्या शनिवारची घातली, २६. मजकूर इथे उतरवून ठेवतो, कारण असं पुन्हा जमेलसं वाटत नाही:
‘सर अत्यंत प्रेमाने भेटले. काकूंनी भरलेलं कबूतर वाढलं. वरून खरपूस, आत तुपाने ओथंबलेला भात. नको नको म्हणताना दुसरं कबूतर वाढलं. नंतर तांदळाची खीर, वर दालचिनी. फादीशी मनमोकळं बोललो. शुक्रवारी नक्की येतो म्हणाला.’
दोनदा वाचलं. दोन्ही वेळा तोंडाला पाणी सुटलं.

शुक्रवार, २ डिसेंबर. संध्याकाळी ६.
अबूना सगळ्यांसमोर म्हणाले, भेट कशी असावी ते ऐका, आणि माझं पान वाचायला घेतलं. मी खाली मान घालून विनयाने बसलो. पहिल्या कबुतराला त्यांचा आवाज मंदावला. दुसऱ्या कबुतराला थांबला. मागून कुणीतरी विचारलं, ‘अबूना, शनूदा सरांकडे उपास वेगळा असतो का?’ वर्गात हशा पिकला.
फेरोनिया उभी राहिली. कानापर्यंत लाल. म्हणाली, ‘माझ्या आईने तापातही उपास मोडला नाही. उद्या बाजारात बायका तिला कबुतरांचा भाव विचारतील.’ मग माझ्याकडे वळली. ‘आणि फादी का येत नाही ते तुला माहितीय. तू त्याला गाढव म्हणालास. सगळ्यांसमोर. दोनदा.’
खरं तर तीनदा. मी दुरुस्ती केली नाही.
अबूना ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पान फाडलं, घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, ‘शनूदांच्या घरी कुणी उपास मोडलेला नाही. ऐकलं सगळ्यांनी?’ मग मला, हळू आवाजात, ‘उद्या जा. बेल दाबून ये. तुझं मग ठरवू.’
‘मग ठरवू’ म्हणजे नाव अजून बाद झालेलं नाही. रात्रभरात एक चांगलं भाषण तयार करतो.

शनिवार, ३ डिसेंबर. दुपारी साडेतीन.
भाषण तयार. सर, सरांचा प्रश्न, फेरोनिया, काकू, मांजर, सगळ्यांची भीती वाटतेय. फादीचीसुद्धा. त्याची सर्वांत जास्त.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
बेल दाबली. सरांनीच उघडलं. आठवणीतल्यापेक्षा बुटके वाटले. विटका स्वेटर. आणि पहिला प्रश्न तोच. ‘कितव्या वर्षाला?’
‘सोडलं, सर. दुसऱ्या वर्षातच.’
‘माहितीय. तुझ्या आईने रडत रडत सगळ्या गल्लीला सांगितलंय. तू काय सांगतोस ते बघत होतो. ये आत. कबूतर नाहीये, मसूर आहे.’
आतून काकू म्हणाल्या, ‘दुसरं कबूतरसुद्धा नाहीये रे बाबा.’ ताट मात्र वाढलं.
फादीला हाक मारली. तो पडद्याआड उभा राहिला, नुसते पाय दिसत होते. माझं भाषण सगळं उडालं. म्हणालो, चुकलं माझं. तुला तसं बोलायला नको होतं. पाय हलले नाहीत. मी विचारलं, ‘शुक्रवारी येशील?’
‘तू असणारेस का, दादा?’
अबूनांचं ‘मग ठरवू’ डोक्यात वाजत होतं. बस. पुढची सीट. शिट्टी.
‘नाही,’ म्हणालो.
‘मग येतो.’
मसूर संपवला. उठलो. फेरोनिया ताट उचलायला आली, माझ्याकडे बघितलं नाही. मी दारापाशी पोचल्यावर पाठीमागून म्हणाली, ‘दार नीट लाव. मांजर आत येतं.’
बाहेर आलो. मांजर त्याच पायरीवर होतं. मी दार लावलं. नीट.