लीलाबाई गावंडे यांच्या मोटारीची आणि मागे उरणाऱ्या इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, श्रीमती लीलाबाई, कै. भगवंतराव गावंडे वकील यांची विधवा, वय चौपन्न, राहणार रामदासपेठ, अकोला, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे हृदय दुबळे झाले आहे, डोके नाही. डॉक्टर जानराव इंगोले यांनी मला तपासून तसे सांगितले आहे व ते खाली सही करणार आहेत. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकणारे माझे धाकटे दीर खुशालराव गेल्या आठवड्यात बाळापूरहून येऊन गेले, आणि त्यामुळेच हा कागद लवकर होत आहे. मला मूलबाळ नाही, तेव्हा माझ्यामागे सगळे आपोआप त्यांच्या मुलाचे, शेषरावाचे, असा त्यांचा समज आहे. तो या कागदाने संपतो.

कलम १. रामदासपेठेतील राहते घर, भांड्याकुंड्यांसह, मी जमुना हिला देते. जमुना ही शेषरावाची बायको होती. दोन वर्षांपूर्वी कोर्टाने त्यांची सोडचिठ्ठी केली. ती माझ्या घरी राहते याचाच अर्थ तिने नवऱ्याला टाकले, असे शेषरावाच्या वकिलाने सांगितले. तिला टाकले कुणी, हे पुढे येईल. हे घर पतीमागे मला आले व १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने पूर्ण माझ्या मालकीचे आहे. खुशालरावांनी तो कायदा कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

कलम २. माझी मोटार, ॲम्बॅसडर मार्क टू, रंग पांढरा, तीही जमुनालाच. हे कलम लांबणार आहे. मोतीराम तायडे वकील हा मसुदा उतरवून घेत आहेत. ते म्हणाले, "बाई, कलमात एवढं लिहायची गरज नसते." मी म्हटले, मला आहे.

आमच्या घरी पहिली मोटार १९५० साली आली. हिंदुस्तान फोर्टीन. गोलसर, ठेंगणी, पुढची काच दोन तुकड्यांची. यजमान कोर्टाच्या कामाने अमरावतीला जात, मी सोबत असे. मूर्तिजापूरच्या पुढे रस्ता मोकळा लागला की ते उतरत आणि म्हणत, "बस इकडे." तशी मी शिकले. पदर कमरेला खोचून, गियरचा दांडा उजवीकडे की डावीकडे हे विसरत, शिव्या खात. माझ्या लग्नाच्या आयुष्यातले तेवढे दिवस मला सुखाचे म्हणून आठवतात. १९५३ साली ते कावीळ होऊन गेले.

तेराव्याच्या जेवणाआधी खुशालरावांनी गाडी विकायची गोष्ट काढली. "वहिनी, बाईमाणसाले मोटार काय करायची हाय?" त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी लायसन्सचा अर्ज केला. अकोल्यात त्यावर जे बोलले गेले ते सगळे माझ्या कानावर आले. बोलणाऱ्यांपैकी निम्मे पुढे माझ्याच गाडीतून दवाखान्यात, स्टेशनावर आणि मुली बघायला गेले. पाठीमागे बसून बोलणे सोपे असते.

१९५५ साली ती देऊन लँडमास्टर घेतली. रुंद, पुढची काच अखंड, मागे तिघीजणी लुगडी न चुरगळता बसत. दोन वर्षांनी शेषरावाचे लग्न धामणगावच्या जमुनाशी ठरले. खुशालरावांनी नवरदेवासाठी गाडी मागितली, मी दिली. आदल्या दिवशी मी ती स्वतः धुतली, झेंडूच्या माळा बांधल्या. निघताना मी स्टिअरिंगच्या चाकामागे बसले, तर खुशालराव दाराशी आले. चार लोकांसमोर म्हणाले, "वहिनी, तुमी उतरा. आज तुमी समोर नाई पाह्यजे. देवमन चालवन. तुमी मांगून जीपात या." देवमन हा त्यांचा ड्रायव्हर. त्याने खाली मान घालून माझ्याकडून किल्ली घेतली. मी जीपमधून, स्वयंपाकाच्या पातेल्यांच्या सोबतीने, माझ्या गाडीची धूळ खात धामणगावला गेले.

१९५९ साली ॲम्बॅसडर आली. बॉनेट उंच, मागच्या बाजूंना लहान शेपट्या. गाडीसाठी नाव नोंदवून नंबर लागेपर्यंत माणूस म्हातारा होतो म्हणतात, तशी मी झाले. जुनी लँडमास्टर तायडे वकिलांनी विकत मागितली. खुशालराव खास बाळापूरहून आले. "भगवंतदादाची गाडी त्या लोकाईच्या दारात उभी राहीन?" तायडे तीन वर्षांपूर्वी बौद्ध झाले होते, हा त्यांचा गुन्हा. मी म्हटले, "दादाची नाही, माझी आहे. आणि नवरदेवासाठी चालली, तर वकिलाला का नाही?" गाडी मी तायड्यांनाच दिली. हे वाक्य ते लिहीत असताना हसले. त्यांनी हसू नये, मृत्युपत्र आहे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात जमुनाला दिवस भरले. पहिली खेप. मी बाळापूरला तिला पाहायला गेले होते. दुपारी कळा सुरू झाल्या आणि गावातल्या सुईणीने तपासून हात झटकले. "मूल आडवं हाय. अकोल्याले न्या." माझी गाडी अंगणात उभी होती. मी व गोदाबाई, म्हणजे खुशालरावांची बायको, दोघींनी जमुनाला मागच्या सीटवर निजवले. मी इंजिन सुरू केले. खुशालराव येऊन गाडीपुढे उभे राहिले.

"खाली उतरा वहिनी. पहिलटकरणीले विधवेच्या हातानं नेत नाईत. देवमन येऊन राह्यला."

देवमन पाहुण्यांना घेऊन गुरुकुंज मोझरीला गेला होता. ते जवळ नाही.

मी म्हटले, "भाऊजी, बाजूला व्हा. ती मरेल."

"तर चढवा माह्या अंगावर!"

जमुना मागून म्हणत होती, "काकू, चला नं. काकू, चला." शेषराव ओसरीवर उभा होता. मी त्याला हाक मारली. तो वडिलांकडे पाहत राहिला. गोदाबाई दाराआड रडत होती. मी हॉर्न वाजवला, गल्ली जमली, आणि गल्लीतले चार शहाणे खुशालरावांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. एकाने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

देवमन दिवेलागणीला आला. गाडीत काय आहे हे पाहून तो मालकाला म्हणाला, "बाईनं काहून नाई नेलं?" मग त्याने किल्ली मागून घेतली आणि गाडी काढली. वाटेत व्याळा गावाच्या पुढे, जमुनाचे डोके माझ्या मांडीवर असताना, मूल झाले. मुलगी. रडली नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी जमुनाला वाचवले व पुन्हा मूल होणार नाही असे सांगितले. खुशालरावांनी तिला बरी होईपर्यंत म्हणून माहेरी पाठवले आणि परत आणले नाही. सहा महिने वाट पाहून मी धामणगावला गेले. आपल्या भावजयीच्या घरात ती धान्य निवडत बसली होती. मी म्हटले, "चल." तिने कुठे, म्हणून विचारले नाही.

ती ॲम्बॅसडर चांगली होती. मला मागच्या सीटकडे पाहवत नव्हते. १९६४ साली ती देऊन आताची मार्क टू घेतली. गाडी तीच म्हणा, फक्त समोरची जाळी बारीक चौकटींची आणि आतली डॅशबोर्डची फळी नवी. माझ्या पहिल्या गाडीची नंबरपाटी मध्यप्रदेशची होती, तिसरीची मुंबई राज्याची, हिची महाराष्ट्राची. गाड्या बदलल्या, राज्ये बदलली, खुशालराव आहेत तेच आहेत.

कलम ३. बाळापूर शिवारातील माझ्या वाट्याची काळी जमीन तायडे वकिलांनी विकावी व येणारे पैसे अकोल्यात बाळंतिणींची सोय करणाऱ्या दवाखान्यास द्यावेत. खरेदीदार खुशालराव असू नयेत.

कलम ४. जॅक, पाने, हवा भरायचा पंप, असे मोटारीचे सगळे सामान देवमनला. जमुनाची मुलगी गेली त्याच वर्षी त्याने खुशालरावांची नोकरी सोडली. आता तो अमरावतीला टॅक्सी चालवतो.

कलम ५. माझ्या सोन्याच्या पाटल्या गोदाबाईला. तिने जमुनाला गाडीत निजवण्यासाठी हात दिला. त्यानंतर काही केले नाही. एका हातासाठी एक पाटली पुरली असती, पण जोडी मोडू नये.

कलम ६. शेषरावाला त्याच्या लग्नाचा फोटो. फोटोत माझी गाडी आहे, हार आहेत, जमुना आहे. मी नाही.

कलम ७. खुशालरावांना काही नाही. कारण लिहिते, म्हणजे विसरले असे कुणी म्हणू नये. गेल्या आठवड्यात ते माझ्या खाटेशी बसले. वैशाखात अमरावतीला शेषरावाचे दुसरे लग्न आहे. म्हणाले, "मार्क टू तुमी मस्त ठेवली वहिनी. नवरदेवाले शोभून दिसन. तसंही तुमच्या मांगं त्याचीच हाय." जमुना चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळे ऐकले. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि पदर सावरत म्हणाली, "मामंजी, मले औषध आणाले गाडी काढायचीच हाय. मोटारस्टँडवर सोडून देऊ का तुमाले?"

त्यांना वाटले, ड्रायव्हर आहे. ती चाकामागे बसली तेव्हा ते फाटकात थबकले. तिने मागचे दार त्यांच्यासाठी उघडून ठेवले होते. ऊन तापले होते, ते बसले नाहीत. टोपी सारखी करून पायी निघाले. ती त्यांच्या बाजूने, धूळ उडू नये म्हणून सावकाश, गाडी घेऊन गेली. मी असते तर सावकाश नेली नसती.

कलम ८. माझ्या तेराव्याला बाळापूरच्या माणसांना आमंत्रण देऊ नये. आले तर जेवू घालावे, उठवू नये. मरताना सगळ्यांना क्षमा करावी, असे मला दोघातिघांनी सांगून पाहिले आहे. मी कुणालाही क्षमा केलेली नाही. तशी नोंद या कागदावर असावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मोतीराम तायडे वकील यांनी करावी. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. कलम दोनमधला एकही शब्द कमी करू दिलेला नाही.

सही : लीलाबाई भगवंतराव गावंडे

साक्षीदार :
१. डॉ. जानराव इंगोले, अकोला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत व रागात आहेत.
२. किसनराव बोचरे, शिक्षक, शेजारी, रामदासपेठ, अकोला.

मुक्काम अकोला, दिनांक ११ मार्च १९६७