हरण्याने आखलेला रस्ता

मुक्काम तांडा, तालुका पुसद
माघ, १९६१

ती. धावजीमामा व सौ. मामी यांच्या पायी फुलसिंगचा दंडवत.

दिवाळीनंतर कळंबला लेकीकडे गेलात, ते दिवस विसाव्याचे जात असतील, चिंतामणीचं दर्शन रोज घडत असेल आणि मामींचा दमाही उतरला असेल. (तुमच्या रागाचं विचारत नाही. तो हे पत्र वाचून चढणारच आहे.)

माझ्या बसंतीचं लग्न ठरल्याचं कळलंच असेल. मुलगा पुसदला मास्तर आहे, गरीब स्वभावाचा. त्याची आई लालीबाई मात्र कडक. तिने बजावलं, "मोटर मांडवाशी लागन तवाच वरात येईन. माह्या गुडघ्यात चालाची ताकद नाई." आता मोठी सडक जाते तुमच्या अंगणापुढून आणि आमचा तांडा पडला आत, मधे नाला, काटवन आणि ढेकळं. रस्ता नाही तर लग्न नाही, म्हणून अख्ख्या तांड्याने श्रमदानाला कुदळी उचलल्या.

ओव्हरसियर येऊन लाल झेंड्या रोवून गेला. चांगली सरळ रेघ होती हो! पण आमचे खेमसिंग नाईक भडकले. "त्याच्या बापानं कधी लदेनी केलती काय? रस्ता मानूस नाई पाहात, बैल पाह्यते!" आपले आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडले ते म्होरक्या बैलाच्या भरवशावर, आणि म्होरक्याला मागून हटकायचं नाही ही रीत. झालं! झेंड्या उपटल्या, तांड्यातला सर्वांत देखणा बैल म्हणजे आमचा हरण्या निवडला, शिंगांना मोरपिसं बांधली आणि दिला सोडून. मागे चुना टाकत आमचा गडी उकंडा, त्याच्यामागे आम्ही सगळे. हरण्या पाणी प्यायला नाल्याकडे वळला, रस्ता वळला. शकुबाईच्या हरभऱ्यात तो चरत उभा राहिला, तिथे नाईकांनी चौक ठरवला. (शकुबाई तेव्हापासून आमच्याशी बोलत नाही. आमच्याबद्दल भरपूर बोलते.)

मग मात्र स्वारी तरातरा निघाली. नाईकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हरण्या थांबला तो थेट तुमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीशी, आणि हंबरला. तेव्हा कुठे मला आठवलं, की दिवाळीत हा बैल तुम्हीच मला दिला. बिचारा आपल्या घरी गेला होता!

मी नाईकांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बैल बराबर हाये. भिंतच वाटेत बांधली." महिनाभर खपून रस्ता त्याच चुन्यावरून केला. वळसा घालावा तर एका अंगाला तुमचं घर, दुसऱ्या अंगाला विहीर. वरातीच्या मोटरीचा ड्रायव्हर जफरभाई पाहून गेला आणि म्हणाला, "फुलसिंगभाऊ, गाडी नाला चढन. पन भिंत नाई चढत."

बाकी इकडे सर्व खुशाल.

तुमचा भाचा,
फुलसिंग

ता. क. गोठ्याची भिंत पाडायला परवानगी द्यावी.

पुन्हा ता. क. भिंत काल पाडली. वर विचारलं ते रीतीला धरून. समोरचीही पाडावी लागली, नाहीतर मोटर आत शिरून तिथेच बसली असती. गुरं माझ्याकडे मजेत आहेत.

आणखी एक. मामा, थट्टा पुरे. परवा पोर तुमच्या अंगणातून सासरी जाणार, आणि मला आतापासूनच रडू आवरत नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवायला तुम्ही हवेत. हे पत्र जफरभाईच्या हाती देतोय, तो उद्याच कळंबहून परत फिरणार आहे. त्याच्याच मोटरीत बसा. शिव्या इथे येऊन द्या, पण या.