उडवा, आवळा, कापा

३ जून, सोमवार
एकदाचा पोचलो! बंद पडलेल्या लाँड्रीच्या तळघरात स्टुडिओ, म्हणजे साबणाचा वास फुकटात. धाकटी जिन्यातच वाट बघत उभी होती. सात वर्षांनी भेटलो आम्ही भाऊ-बहीण. आई गेल्यावर 'लगेच येतो' म्हणून मी तिला मावशीकडे ठेवलं आणि जो गेलो तो गेलोच. तिने माझी बॅग उचलली आणि पुढे झाली. मीच मनाशी ठरवलं, आता हिला अंतर द्यायचं नाही.

बँडमध्ये चौघं. दाढी गातो आणि गिटार वाजवतो, भोपळ्या ड्रम बडवतो, बँजोवाल्याला सगळे मामा म्हणतात, आणि दुसरा आवाज आमच्या धाकट्या बाईसाहेबांचा. ज्या अल्बमचं ध्वनिमिश्रण करायला मला बोलावलंय त्याला कंपनी नाही, कॅसेटी हातोहात वाटायच्या. लोकगीतं, गुराख्यांची कंट्री गाणी, त्यावर पंकची आदळआपट आणि तळाशी गॉथिक रडारड. आवळ्याभोपळ्याची मोट खरी, पण काय बांधली आहे!

४ जून, मंगळवार
कामाची पद्धत गमतीची. मी ऐकायच्या खोलीत एकटा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार जाडजूड, आणि त्याला आतून मूठच नाही, संध्याकाळी धाकटी उघडेल तेव्हा सुटका. समोरच्या काचेवर पलीकडून काळा पडदा. बोलायचा माइक बिघडलेला, म्हणून मी चिठ्ठ्या लिहून दाराखालून सरकवायच्या आणि बाकी सगळं तिने पाहायचं. आमच्या धंद्याची भाषा म्हणजे तीन शब्द. आवाज काढून टाकायचा तर उडवा, फार चढउतार असेल तर आवळा, जोर कमी करायचा तर कापा. हे तिला समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही. ती मान डोलावते, म्हणजे कळतंच. म्हणाली, दादा, तुझा शब्द मी खाली पडू देणार नाही.

आजच्या तीन चिठ्ठ्या: पहिल्या गाण्यात भोपळ्याला उडवा. दुसऱ्यात मामाचा गळा आवळा. तिसऱ्यात दाढीला अर्धा कापा.

५ जून, बुधवार
भोपळ्या आज दिसला नाही. धाकटी म्हणते, तुझं पहिलं काम झालं. गाणं ऐकलं, तर ड्रम आहेतच, उलट वाढलेत! ओल्या पोत्यावर दांडकं बसावं तसे ठोके, आणि मध्येच कोणीतरी आईला हाक मारतं. अंगावर सर्रकन काटा आला, आणि लाज वाटते लिहायला, मी वा म्हणालो. शाबासकीची चिठ्ठी सरकवली.

६ जून, गुरुवार
दुसरं गाणं. बँजोची तार ताणत जाते, ताणत जाते. तिच्याखाली मामा घोरतोय असं वाटलं. घोरणं नाही ते. टाचा आपटल्याचे आवाज. मग सगळं शांत.

दार बडवलं. उघडलं नाही कोणी. दाराखालून रक्त आत आलं, माझ्या चपलेपर्यंत. हे दाढीचंच काम, दुसरं कोण— आणि धाकटी त्याच्याबरोबर एकटी आहे! चिठ्ठी लिहिली: पळ. तिच्या अक्षरात उत्तर आलं: कितव्या गाण्यात, दादा?

७ जून
पडदा उघडा. दाढी गुडघ्यांवर, काचेला नाक चिकटवून. ओठ वाचले. चिठ्ठी परत घे. परत घे.

त्याच्या मागे धाकटी. हातात कुऱ्हाड, कोपरापर्यंत लाल. टेप फिरतोय.

ती. माझी धाकटी.

मी ओरडलो, काच बडवली, कागदावर 'थांब' लिहून काचेला लावला— ती बघतच नव्हती. माझी जुनी चिठ्ठी वाचत होती, नीट, ओठ हलवत. मग दाढीच्या कमरेवर खडूने रेघ मारली. अर्धा—

चार घाव लागले. मग तिने वर पाहिलं. शाबासकीसाठी.

८ जून
दार उघडून आत आली. दाराला पाठ लावून बसली, कुऱ्हाड मांडीवर.

म्हणते, शेवटचं गाणं राहिलंय, तुझी चिठ्ठी नाही आली. उरलोय आपण दोघंच. तू म्हणशील तसं.

तोंडाने नको म्हटलं. पाया पडलो. ऐकत नाही. तोंडाने तर तू 'लगेच येतो' म्हणाला होतास, म्हणते. लिहिलेलंच खरं.

कोरे कागद संपले. रोजनिशीतच लिही म्हणते. उठून मागे आली, खांद्यावरून वाचतेय. एकेक शब्द. मी 'कुऱ्हाड' लिहिलं की ती उचलते. पुढचं वाचायला थांबत नाही—

नीट लिहायला हवं—

धाकटे, माझं चुकलं. आता दादाला उडवू