संध्याकाळचं भरतकाम

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

चि. संघप्रियास आजीचा जयभीम, आणि गालावर एक चिमटा.

आम्ही सगळे बरे आहोत. मी ‘हाय’ म्हणते, तुझी आई ‘आहे’ लिहिते. शाळेत गेलेल्या सुनेपुढं माझं काय चालतंय? फोनच केला असता, पण फोनवर तू “हं, हं, नंतर बोलते” म्हणून ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही.

ऊन आत्तापासूनच लई आहे. शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. तुझ्या बापाची ढेरी वाढली आहे. (हे तुझ्या आईनं, दिपालीनं, खुशीनं लिहिलं.)

बरं. रविवारी माढ्याची माणसं आली होती, सहज. सहज म्हणजे चौघं, इस्त्रीचे कपडे घालून. मुलाचं नाव संघपाल, चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. बोलतो कमी, ती कसर त्याची आजी भरून काढते. तुला न विचारता बोलावलं म्हणून रागवायचं ते बापावर रागव.

माझ्या पलंगावर मोराची चादर होती. मी एवढंच म्हटलं, की ही आमच्या संघप्रियानं भरली. मग उशीचे अभ्रे तुझे झाले, दाराचं तोरण तुझं झालं. दिपालीनं आतून येऊन मला कोपरानं ढोसेपर्यंत तू सगळं घर भरून टाकलं होतंस. तू! जिनं बापाच्या शर्टाला बटण लावताना स्वतःची ओढणी त्यात शिवली!

संघपालच्या आजीनं काय करावं? चादर उलटी केली. भरतकाम जाणणारी बाई पुढून बघतच नाही. मागं एक गाठ नाही, एक दोरा लोंबत नाही. म्हणाली, “पोरीचा हात लई साफ हाय. मार्चात येतो, तवा माज्या पणतूच्या कुंचीवर असाच मोर भरून द्यायचा. माज्यासमोर बसून.”

तू मागं सांगितलं होतंस, इंग्रजीत भरतकामाला आणि गोष्ट फुगवून सांगण्याला एकच शब्द, एम्ब्रॉयडरी. साहेब लोक काटकसरी. आपण तिखटमीठ लावलं म्हणतो, ते निदान भाकरीशी खाता येतं.

तुला मोर शिकवावा, तर आधी सुईत दोरा ओवायला शिकवावं लागेल. तोवर तो पणतू शाळेत जाईल.

संघपालनं मात्र ओळखलं. चपला घालताना हळूच म्हणाला, “आजी, तुमची बोटं लई टोचलीत की.” मी म्हटलं, “गप बस.” तर हसला.

पण खोटं का बोलले, ते सांगायचं टाळतेच आहे. चहा पिता पिता म्हातारीनं विचारलं, “पोरगी पुण्यात एकली. हापिस सुटल्यावर करती काय वं?” त्या ‘काय’ला धार होती. तुझा बाप बशीकडं बघत राहिला. तुझी आई उठून आत गेली. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण तू शपथ घातलेली. म्हणून चादरीवर हात ठेवला आणि म्हटलं, “हे करती.”

खरं म्हणजे तू पोहायला शिकतेस.

इथं तुझ्या आईचं पेन थांबलं.

“पोहायला? आत्याबाई, विहिरीत?”

“टाकीत गं. फी भरून.”

“आणि मला नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू रोज पुण्याला जाऊन काठावर बसली असतीस.”

पुन्हा लिहायला लागली आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

शपथ मोडली, आता ऐक. मार्चात ये. सुईदोरा आणू नकोस. त्या बाईसमोर मान वर करून सांग, मला भरता येत नाही, पोहता येतं. चादर माझी, हे मी सांगते. मोडलं तर मोडलं. जमलंय कुठं अजून? पण आमच्या पोरीचं कुणी विचारलं, तर या घरानं पुन्हा चादरीआड लपायचं नाही.

मुलगा आवडला नाही तर नाही म्हण. तुझा बाप काही बोलला तर मी बसलेय हितं. आवडला तर त्यालाही विचार, हापिस सुटल्यावर तू काय करतोस.

तू आहेस तशीच तुला चारचौघांत दाखवायला तयार असलेली,
तुझी आजी मुक्ताबाई

हे माझं, आत्याबाईंनी सांगितलेलं नाही. पाणी किती खोल असतं? नाक वर राहतं ना?
— आई