कंपासपेटीतला लंगडा बेडूक

प्रिय निकेश,

पार्सलमधली कंपासपेटी तू ओळखली असशील. हो, तीच, दहावीला मी घेऊन दिलेली. चिंच लावून तीनदा घासली, पण काळं जात नाही. आत मासे धरायची पाच आमिषं आहेत. आधी पत्र वाच, मग त्यांना हात लाव. ताई अजून हुकूमच सोडते, म्हणशील. म्हण बापा.

तुला सांगितलं नाही, बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. सांगणार कधी? दर रविवारी तू माझ्याशी तासभर बोलतोस, आणि त्यांचं नाव निघालं की "चाल ताई, ठेवतो" म्हणतोस. मागच्या मंगळवारी त्यांना घेऊन चंद्रपूरला गेले. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. उजव्या डोळ्याचं डॉक्टर खात्रीनं काही सांगत नाहीत.

गोंडपिपरीच्या बसला वेळ होता. रस्त्यात गळ-दोऱ्याचं दुकान दिसलं. रबरी बेडूक, प्लास्टिकचे मासे, चमच्याच्या आकाराच्या चकाकत्या पट्ट्या, सगळं ओळीनं टांगलेलं. तू म्हणाला होतास ना, हैदराबादला सुट्टीच्या दिवशी तलावावर जातो, पण जवळ धड एक आमिष नाही. ते माझ्या डोक्यात होतं. मोठ्या तोऱ्यात दुकानदाराला म्हटलं, डबाभर चांगली द्या. त्यानं विचारलं, मासा कोणता, पाणी कसं? मासेमाराच्या घरात जन्म गेला आणि एवढंही सांगता आलं नाही.

मग बाबा पुढे झाले. तुला माहीत आहे, त्यांनी जन्मभर जाळंच टाकलं, गळ घेऊन बसणं म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकडेपणा. तेच बाबा एकेक आमिष बोटांनी चाचपू लागले. चकाकती पट्टी बाजूला सारली, "याले गवत धरते." खोल बुडणारा मासा परत दिला, कारण तू नेहमी धरायचास तो मासा, मरळ, वरच्या पाण्यात, कमळाच्या पानांखाली दबा धरून असते. ज्यांचे गळ पाठीला चिकटलेले असतात ते चार बेडूक निवडले. असा बेडूक पानांवरून सरकत येतो, अडकत नाही म्हणे. तुझ्याकडचं पाणी कसं आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून शेवटी एक पट्टीही घेतली, मोकळ्या पाण्यासाठी.

एवढ्यावर थांबले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं. त्यांनी दुकानदाराची कैची मागितली आणि एका कोऱ्या बेडकाचा डावा पाय अर्धा कापून टाकला. मी ओरडणारच होते. तर म्हणाले, "निकेसचा पांगाऱ्याचा बेंडूक डाव्या पायानं लंगडा होता. वाकडा चाले, म्हून मरळ त्यालेच धरे."

तुझे ते लाकडी बेडूक मी कधी नीट पाहिलेसुद्धा नव्हते. त्यांच्यावर तू फासलेलं माझं नेलपॉलिश मला आठवतं, आणि पट्टी करायला आईचा पितळी चमचा कापलास ते आठवतं. रागाचं तेवढं बरोबर लक्षात राहिलं. बाबा मात्र तलावाच्या पाळीवर बसून तुझी एकेक फेक बघत होते, आणि तुला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत आले.

आता मुद्द्याचं. भूमितीचा पेपर बुडवून तू तलावावर बसलास, संध्याकाळी चिखलाच्या पायांनी येऊन झोपलास. मी कंपासपेटी उघडली. कर्कटक नाही, कोनमापक नाही, नुसती आमिषं. पेटी उचलली आणि चुलीत घातली. निकेश, मी घातली. बाबा तेव्हा नदीवर होते. आले, राखेतून पेटी चिमट्यानं काढली, आणि तू उठल्यावर म्हणाले, "मीच जाळलो." मागच्या दारी मी त्यांना विचारलं, काऊन असं बोलले? तर म्हणाले, "माह्यावर रागावला तं चालते. तुह्यावर रागावला तं त्याले कोन आहे?" आई जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. उद्या सांगीन, उद्या सांगीन म्हणत राहिले आणि आठवड्याच्या आत तू घर सोडलंस. मग तुझे फोन यायला लागले, फक्त मला. ते बंद होतील या भीतीनं मी आठ वर्षं गप्प बसले. बाकी सगळ्या सबबी. पेटी त्यांनी जाळ्याच्या पिशवीत जपून ठेवली होती, तीच न विचारता तुला पाठवते आहे. या पत्राचं त्यांना काही ठाऊक नाही. रविवारी माझा फोन त्यांच्याजवळ ठेवून मी शेतावर जाईन. माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. तू फक्त लाव. फोन वाजला की कुठं दाबायचं, ते मी त्यांचं बोट धरून शिकवलं आहे.

तुझीच, अजूनही असेन तर,
ज्योत्स्नाताई