विधेयक मंजूर, नाव एकाचेही नाही

मंगळवार, सायंकाळ. वरूड.

आज आमदारांकडून जे हवे होते ते लेखी मिळाले, म्हणून लिहिते आहे. अजून स्वस्थ बसवत नाही!

संत्रा मंडीत ते म्हणाले, "कारखान्यांना भूजल उपसू देणाऱ्या विधेयकाला मी विरोध केला." टाळ्या पडल्या. मी पिशवीतून विधानसभेच्या कामकाजाची प्रत काढली. विधेयक आवाजी मतदानाने संमत. बाजूने कोण, विरोधात कोण? एकही नाव नाही.

"काकू, मी तं जोरात 'नाही' म्हटलं! कावून शंका घेऊन राहिल्या?"

"म्हटलं असेल. पण उद्या आमच्या विहिरी आटल्या तर जाब कोणाला विचारायचा? मतविभागणी का नाही मागितली? प्रत्येकाचं नाव नोंदलं गेलं असतं."

शेजारचे बागायतदार नामदेवराव म्हणाले, "भाऊ, इथं तं बोली लावणाऱ्याचंबी नाव लिहून घेतात!" सगळी मंडी हसली.

एकही नाव नाही. हे मी इतकी वर्षे का तपासले नाही? नुसत्या भाषणांवर मत देत आले. शिकलेली मी!

कारखान्यांना आणखी सवलत देणारी दुरुस्ती पुढच्या अधिवेशनात येते आहे. मी कागद-पेन पुढे केले. थोडी टाळाटाळ झाली, पण सगळे बघत होते. लिहिले!

आमदारांना दिली: कामकाजाची एक प्रत. त्यांच्याकडून घेतले: दुरुस्तीवर मतविभागणी मागेन, असे सहीचे पत्र. त्याच्या छायाप्रती मंडीतल्या बारा बागायतदारांच्या हाती दिल्या.